खुंटाची फूट

नर्सरीत तिला सगळे पिशवीबाई म्हणत. नाव ऐकून कुणाला वाटावं, बाई बाजारहाट फार करत असेल. कसलं काय! रोपांच्या काळ्या पिशव्यांत माती भरायची, एवढंच तिचं काम. माती, शेणखत, थोडी वाळू. पिशवी दोनदा आपटून बसवायची, कड दुमडायची, की पुढची. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. नखांत माती अशी मुरलेली की पाहुण्यांना पाणी देताना ती बोटं आत दुमडून घ्यायची.

जीभ मात्र धारदार. एकदा मालक माती भुसभुशीत नाही म्हणून कुरकुरला, तर हिने भरलेली पिशवी त्याच्यापुढे धरली. "घ्या, चव बघून सांगा. मीठ कमी पडलंय का?" मालक हसत सुटला आणि पुन्हा म्हणून मातीवर बोलला नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी तिची ख्याती. अशा बाईने एक गोष्ट वर्षानुवर्षं पोटात दाबून ठेवली, हे नर्सरीत कुणाला शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं.

नवरा तिथेच कलमं बांधायचा. खालचा मुळांचा भाग तो खुंट, त्यावर बसवायची ती हव्या त्या झाडाची काडी. खुंटाला चीर द्यायची, काडीला पाचरेसारखी धार काढायची, आत सरकवायची आणि पट्टी गुंडाळायची. बास. सांगायला एवढंच, पण तो बांधायचा ते लागायचं आणि दुसऱ्यांचं वाळायचं. "तुमच्या हाताने वाळकी काडीसुद्धा पालवेल," असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, "वाळकी काडी चुलीत घाल बाबा." जास्त बोलणं नाही. बोलायचं खातं त्याने बायकोकडे दिलं होतं.

नर्सरीच्या मागच्या भिंतीला कांचनाचा अख्खा गोतावळा उभा होता. लालभडक फुलांचा राता कांचन, गुलाबी कांचन, बुटका पांढरा, नाजूक पिवळा आणि कोपऱ्यात फटकून उभा असलेला त्यांचाच चुलतभाऊ आपटा. सगळ्यांची पानं एकाच साच्यातली, टोकाशी दुभंगलेली, मिटलेल्या पुस्तकासारखी घडी घेणारी. त्यातही पांढरा, पिवळा, आपटा जरा वेगळे काढता यायचे. पण राता आणि गुलाबी? ते फुलल्याशिवाय त्यांच्या सख्ख्या आईलाही ओळखू आले नसते. लहान रोपांच्या पिशव्या इकडच्या तिकडे झाल्या की सगळे नवऱ्याकडे धावायचे आणि तो पान उलटंपालटं करून परत द्यायचा. "फूल दाखवा, मग नाव सांगतो."

तर अशा ह्या जोडप्याला दोन मुली. थोरली आणि धाकटी.

नर्सरीमागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर, मागे टीचभर अंगण, अंगणात नळ. थोरली लहान असताना त्या नळाच्या ओलीला एक रोप आपोआप उगवलं. बाप कुदळ घेऊन आला तर ही पोरगी रोपापुढे फतकल मारून बसली. "माझं आहे ते." बाप म्हणाला, "अगं, भिंत फोडेल." "फोडू दे. भिंत तुमची, झाड माझं." जीभ आईची उचललेली, दुसरं काय.

झाड वाढलं आणि फुललं तेव्हा बापाने पहिल्यांदा कुदळीचा विषय काढल्याबद्दल कान पकडले. फूल ना रात्याचं, ना गुलाबीचं. तळहाताएवढं, फिकट जांभळं, पाकळ्यांच्या कडा पांढुरक्या होत गेलेल्या आणि वरच्या एका पाकळीवर गर्द रेघा. "दोघांचं मिळून झालंय हे," बाप म्हणाला. "ह्याला शेंग धरायची नाही. हे आहे तेवढंच." खरंच, भरभरून फुलायचं, पण शेंग म्हणून एक नाही. थोरली मैत्रिणींना घरी आणून दाखवायची, जसं काही तिनेच ते रंगवलंय.

कॉलेजात जायला लागली त्याच वर्षी थोरलीला ताप आला. साधा ताप म्हणून घरात काढला, मग दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल, मग काही नाही. एवढीच त्याची गोष्ट. पिशवीबाईला ती कुणाला सांगता यायची नाही, आणि सांगून तरी काय होणार होतं.

त्यानंतर अंगणातलं झाड हे झाड राहिलं नाही. धाकटी तेव्हा शाळेत होती. तिने एकदा केसात खोवायला एक फूल तोडलं, तर आईने तिच्या हातावर फाडकन मारलं. "ताईचं आहे ते!" धाकटी रडलीसुद्धा नाही. फूल नळाच्या कठड्यावर ठेवून आत गेली. पुन्हा कधी तिने त्या झाडाला हात लावला नाही, आणि आईला ते बरंच वाटलं. ताईचं कपाट, ताईची छत्री, ताईचं झाड. घरात धाकटीने वाट काढायची ती ह्या सगळ्यांना धक्का न लावता. शाळा संपल्यावर ती एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायला लागली. शांत मुलगी. असून नसल्यासारखी, असं शेजारी कौतुकाने म्हणायचे आणि आईही ते कौतुक म्हणूनच घ्यायची.

मग एका वादळात ते झाड पडलं. मुळासकट, भिंतीचा तुकडा घेऊन. बाप म्हणाला होता तशी भिंत फुटली, पण झाडच उरलं नाही.

नवरा तोवर थकला होता. हात थरथरायचे म्हणून नर्सरीत त्याने कलमं बांधणं सोडलं होतं, डोळ्यांतही पडदा चढायला लागला होता. त्या दिवशी मात्र तो पडलेल्या झाडातून वाकून वाकून काड्या निवडत बसला. नर्सरीतून रात्या कांचनाची रोपं मागवली आणि दाराशी उजेडात बसून बांधायला घेतली. चाकू घसरायचा, काडी फुकट जायची, तो दुसरी घ्यायचा. पिशवीबाई शेजारी बसून पट्ट्या कापून देत होती. "बी नाही, काही नाही," तो म्हणाला. "हे लागलं तर लागलं. नाहीतर संपलं गं ते."

एकेक कलम वाळत गेलं. एक तेवढं राहिलं. त्याची काडी हिरवी राहिली, तिच्यावरचा कोंबाचा डोळा फुगला आणि एका सकाळी दोन मिटलेली पानं बाहेर आली. नवरा त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा भात मागून जेवला. आणि ते पाहून हिला रडू आलं.

आनंद म्हणजे किती टिकावा? महिना उलटतो न उलटतो तोच त्याची छाती भरून आली आणि त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ही तिथेच बाकावर मुक्कामाला. धाकटी सकाळी डबा आणायची, दुकानात जायची, संध्याकाळी परत डबा. "घराकडे बघ," आईने तिला सांगितलं. कलमाबद्दल एक अक्षर नाही. विसरली नव्हती, बरं का. आठवत होतं, जिभेवर आलं होतं. पण ताईच्या झाडाला धाकटीने हात लावायचा, हे काही केल्या तिच्या तोंडून निघेना. दोन दिवसांत घरी जाऊ, तेव्हा मीच बघेन, असं म्हणत दिवस पुढे सरकत गेले.

नवऱ्याला सोडायच्या आदल्या दिवशी ती झाडलोट करायला घरी आली आणि आधी अंगणात गेली. काडी मेलेली. पानं गळून पडलेली, सांधा काळा पडलेला. आणि सांध्याच्या अगदी खालून, खुंटातून, एक तजेलदार फूट वर आलेली, टोकाला ती दुभंगलेली कोवळी पानं.

नर्सरीतल्या प्रत्येकाला पहिला धडा तोच असतो. खुंटाची फूट दिसली की खुडायची. ती जोरात वाढते, दिसते छान, पण ते आपलं झाड नव्हे. खालच्या रात्याचं आहे. पिशवीबाईने आयुष्यात अशा हजारो फुटी बसल्या जागी खुडून टाकल्या असतील.

त्या दिवशी तिने चाकू आणला आणि वरची मेलेली काडी कापली. पट्टी सोडली. कापाला ओली माती लिंपली. फुटीला बारीक काठीचा आधार देऊन सरळ केलं. हात अगदी शांतपणे चालले होते आणि ती स्वतःशीच म्हणत होती, बाई गं, काय करतेयस तू हे?

दुसऱ्या दिवशी नवरा आला तो दोघांच्या खांद्यांचा आधार घेत. खाटेवर टेकायच्या आधी म्हणाला, "मला त्याच्यापाशी ने." खाली बसला, पानं चाचपली, मग अंगठा खोडावरून खाली नेला. सांध्याशी जुन्या जखमेचा फुगवटा होता, तिथे अंगठा थांबला.

"गाठ धरली की गं," तो म्हणाला. "लागलं."

"लागणारच," ती म्हणाली. "हात कुणाचा आहे?"

झालं. त्या एका वाक्यावर तो माणूस उठून बसला. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती, पण हा खायला लागला, काठी घेऊन अंगणात जायला लागला. पडलेल्या झाडाच्याच खड्ड्यात त्याने रोप लावून घेतलं. त्याची खाट खिडकीशी, खिडकीबाहेर ते झाड. थापेने माणूस जगतो हे तिने डोळ्यांनी बघितलं, मग ती थाप मागे घेणार कशी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत.

आणि झाड पानांनी काही बोलणार नव्हतं. बोलणार होतं ते फुलांनी.

पाऊस ओसरला की रात्याला कळ्या येतात, बोटासारख्या लांबट. झाड कळ्या धरण्याएवढं झालं आणि पहिल्यांदा तिला त्या दिसल्या. पहाटे नवरा उठायच्या आत तिने साऱ्या खुडल्या, पदरात घेतल्या आणि नर्सरीतल्या खताच्या खड्ड्यात नेऊन टाकल्या. मग ते दरवर्षीचंच झालं. हंगामभर रोज पहाटे अंगणात जायचं, चाचपून चाचपून खुडायचं. झाड उंच झालं तशा वरच्या फांद्या तिच्या हाताला येईनात. एका वर्षी वर एक फूल उमललंच. गल्लीच्या तोंडाशी बसणारा इस्त्रीवाला आनंदाने ओरडला, "काकू, तुमच्या झाडाला फूल आलं! लालेलाल!"

"डोळे तपासून घे," ती खेकसली. "फडकं उडून अडकलंय."

"अहो, फडकं कसलं..."

"तू माझ्या साड्या जाळतोस तेव्हा मी असं ओरडते का गल्लीभर?"

खिडकीतून नवऱ्याने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"कपडे आहेत का विचारतोय."

संध्याकाळी ती शिडी मागायला जाणार तोच बघते तर वरचं फूल नव्हतं. वारा असेल, पाखरू असेल. त्यानंतर नशिबाने वर कळ्या धरेनाशाच झाल्या. तिने त्याचा फार विचार केला नाही. चोराला सुटल्याचा आनंद, का सुटला ह्याची चौकशी कोण करतो?

पण नवरा विचार करत होता. तेवढंच काम उरलं होतं त्याला. कलम म्हटलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलायला हवं. तो सांगायचा, पाणी तोड, ती तोडायची. सांगायचा, राख घाल, ती घालायची. झाड बिचारं सगळं सोसून पुन्हा कळ्या धरायचं आणि ती पुन्हा खुडायची. हळूहळू त्याने विचारणं सोडलं. एकदा शेवटच्या हिवाळ्यात, दिसणं जवळपास गेलेलं असताना, तो तिला म्हणाला, "झाडाचा दोष नाही गं. माझा हात गेला होता. वांझ बांधलं मी."

तेव्हा सांगायला हवं होतं. अहो, तुमचा हात गेला नव्हता, तुम्ही बांधलं ते लागलं होतं, ते माझ्यामुळे पाण्यावाचून मेलं. एवढंच तर सांगायचं होतं. ती जन्मभर फाडफाड बोललेली बाई त्याचे पाय चेपत बसून राहिली. "काहीतरीच तुमचं," म्हणाली. आठवड्याच्या आत तो गेला. आपल्या हाताने पोरीचं झाड वांझ केलं, हे बरोबर घेऊन गेला.

ह्या सगळ्यात धाकटी कुठे होती? घरातच होती. दुकानातून येऊन बापाला भरवायची, अंथरूण बदलायची. मध्ये दुकानातल्या कटिंगमास्तरने तिला मागणी घातली होती. चांगला माणूस, दारात चपला नीट जोडून ठेवणारा. धाकटीने नाही म्हटलं. "मला घर सोडून नाही जाता येणार," एवढंच कारण. आईला वाईट वाटायला हवं होतं. तिला हायसं वाटलं. हाताशी राहील पोर. पुढे कटिंगमास्तरचं दुसरीकडे जमलं, आणि त्याच्या लग्नाच्या कोटाची काजं धाकटीनेच केली.

नवरा गेल्यानंतरच्या पावसाअखेर झाडाने कळ्या धरल्या आणि पिशवीबाई खाटेवरून उठलीच नाही. कुणापासून लपवायचं आता? एका सकाळी चहाचा कप घेऊन ती मागच्या दारात आली तर सगळं झाड फुललेलं. रातं, गर्द. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं होतं. ती उंबऱ्यावर बसली आणि तिचा चहा गार झाला.

धाकटी डबा भरून बाहेर आली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"ह्या वर्षी नाही खुडल्यास," ती म्हणाली.

आईने चमकून वर बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून." धाकटी नळाच्या कठड्यावर टेकली. "वरच्या कोण खुडत होतं असं वाटलं तुला? तुझा हात पोचत नव्हता. इस्त्रीवाला ओरडला त्या दिवसापासून मी कठड्यावर चढून काढायची, दुकानात जाताना."

"पण तुला कसं कळलं, की हे खालचं..."

"काडी मेलेली मी आधी बघितली होती, आई. मीच मारली ना ती." धाकटी डब्याच्या कडीशी चाळा करत होती. "तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा मी पाणी घालत होते. तू सांगितलं नव्हतंस, तरी. ताईचं वाळू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ, बादली-बादली. एके दिवशी पानं गळली. मला वाटलं, तू आता मला मारशील. आणि तू घरी आलीस, सगळं बघितलंस, आणि एक शब्द बोलली नाहीस. उलट खालची फूट सरळ केलीस. बाबांना खोटं सांगितलंस. मला वाटलं, माझ्यासाठी. बाबांना माझी चूक कळू नये म्हणून तू रोज पहाटे..." तिने डब्याची कडी घट्ट लावली. "असं कुणी करतं का गं कुणासाठी? मग मी तुला सोडून कुठे जाणार होते?"

पिशवीबाईला तो काळा पडलेला सांधा आठवला. वाळून मेलेल्या काडीचा सांधा काळा पडत नाही, करकरीत सुकतो. काळा पडतो तो कुजल्यावर, पाणी जास्त झाल्यावर. जन्म गेला नर्सरीत, आणि डोळ्यांसमोर असलेलं तिने बघितलं नव्हतं. बघायला आधी धाकटी मनात यायला हवी होती.

'हो गं, तुझ्यासाठीच' म्हणणं किती सोपं होतं. एवढी मोठी थाप पचवलेल्या बाईला ही एवढीशी जड नव्हती. पोरीला बरं वाटलं असतं, पोर जन्मभर जवळ राहिली असती.

"तुझ्या पाण्याने नाही मेलं ते," ती म्हणाली. "मी तुला सांगितलं नाही, त्याने मेलं. कलमाला पाणी किती घालायचं, हे नर्सरीत कालच्या पोरीला शिकवते मी. तुला नाही सांगितलं."

धाकटीने डबा कठड्यावर ठेवला.

"आणि कळ्या मी तुझ्यासाठी नाही खुडल्या. तू पाणी घालत होतीस हेच मला आज कळतंय. मला वाटायचं, माझ्यामुळे वाळलं. मी स्वतःला वाचवत होते. त्यांना वाचवत होते. तुझा विचार..." तिने हातातला कप उंबऱ्यावर ठेवला. "तुझा विचार मनातच आला नाही गं माझ्या. एकदाही."

गल्लीतून इस्त्रीवाल्याच्या शिंतोड्यांचा चर्र आवाज येत होता. धाकटी झाडाकडे बघत राहिली.

"म्हणजे मी उगाच राहिले," ती म्हणाली.

आईने मान डोलावली. "उगाच."

रडली असती, ओरडली असती तर आईला सोसलं असतं. धाकटीने डबा पिशवीत ठेवला. मग हात वर करून एक फूल तोडलं, कुणाला न विचारता, आणि केसांत खोवलं. कांचनाचं फूल ते, दुपारपर्यंत मान टाकणार, हे दोघींनाही माहीत होतं. ती दाराशी थांबली, चपला घातल्या.

"दुकानाची दुसरी शाखा निघतेय, लांबच्या शहरात," ती म्हणाली. "राहायची सोय आहे. मी नको म्हणून सांगितलं होतं. आज हो सांगते."

"सांग," आई म्हणाली.

धाकटी गेली. पिशवीबाई उठली, गार चहा नळाशी ओतला आणि कप विसळला. तिचीही कामाला जायची वेळ झाली होती.